बाटलीतला हिरवा उजेड

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्यांनी मला घडवलं असं मी प्रत्येक भाषणात म्हणते त्या सरांना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. आणि एक आधीच स्पष्ट करते — मी रडणार नाही. वाचून 'बिचारी' म्हणायचा विचार असेल तर इथेच थांबा. बिचारी मी नव्हे. बिचारा दुसराच होता, आणि त्याला तसा मी केला.

पण इतक्या झटकन नको. अशा गोष्टी सांगताना जीभ पहिल्या वाक्यालाच पुढे पळते आणि दुसऱ्याला अडखळते. नीट सांगते.

मी कडेगावची, शुभांगी. घरचा ऊस, आबा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, भाऊ अजून तिकडेच. साताऱ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. काम काय? काही पदार्थांचे इतके बारीक कण करता येतात की त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश टाकला की ते स्वतः उजळतात. पदार्थ तोच, पण कण लहान असला तर हिरवा उजेड, जरा मोठा असला तर तांबडा. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी डबा खायचं विसरले होते. आता हे कण तयार होतात गरम तेलकट द्रावणात, आणि त्यांच्या अंगावर तेलकट रेणूंचा थर बसतो. त्यामुळे तेलात ते मजेत राहतात आणि पाण्यात घातले की गुठळ्या होऊन तळाशी बसतात. पण त्यांचा उपयोग करायचा तो पेशी बघायला, रक्त तपासायला. तिथे तेल कुठलं? तिथे सगळा कारभार पाण्याचा. तेव्हा हे कण उजेडासकट तेलातून पाण्यात आणायचे, हीच आमची सगळी लढाई.

आमची म्हणजे माझी आणि सन्मतीची. सन्मती सांगलीचा, जैनांचा, वडिलांची हळदीची अडत. माझ्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा, सावकाश बोलणारा, सावकाश चालणारा. त्याने धरलेला रस्ता म्हणजे कणांचा तेलकट थर काढून त्या जागी पाण्याशी पटणारा दुसरा थर चढवायचा. त्यासाठी लागणाऱ्या रसायनाला असा वास की आम्ही त्याला जेवायला वेगळं बसवायचो. त्याचे कण पाण्यात यायचे, पण उजेड मंद व्हायचा आणि थोड्या दिवसांत विझायचा. तो जे झालं तेच सांगायचा. सर विचारायचे, काय रे, आज काय? हा म्हणायचा, "आज बी इझलं, सर." दुसरा कोणी असता तर निदान 'थोडं सुधारलंय' तरी म्हणाला असता.

माझा रस्ता वेगळा होता. थर काढायचाच नाही; त्याच्यावरून साबणासारख्या रेणूंचं पांघरूण घालायचं. तेलकट टोक आत, पाण्याशी पटणारं टोक बाहेर. पांढरी पूड पाण्यात विरघळवून ते द्रावण मी मोठ्या तपकिरी बाटलीत भरून ठेवायचे. आम्ही त्याला सरळ साबणच म्हणायचो. आणि माझं तर विझतही नव्हतं, कारण पेटतच नव्हतं. कण तळाला, वर नितळ पाणी. दर आठवड्याला तेच.

मग खंडेनवमी आली.

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. शेतकरी नांगराची करतो, फौजी बंदुकीची करतो, तशी आम्ही भट्टीची, तराजूची, जोरात फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या सेंट्रिफ्यूजची करायचो. झेंडूचा हार, नारळ, प्रत्येक यंत्राला हळद-कुंकवाचं बोट. हळद सन्मतीच्या दुकानातली यायची, दरवर्षी, मोठ्या पुड्यात. त्या वर्षी बोटं लावायचं काम माझ्याकडे होतं. मध्येच सर म्हणाले, शुभांगी, साबण संपलाय तुझा, सुट्टीच्या आत करून ठेव. मी हात पदराला पुसला आणि पांढरी पूड बाटलीत घातली.

हात धुतले नाहीत. बस्स, एवढंच झालं.

दसरा झाला, आम्ही परत आलो, मी त्या बाटलीतला साबण वापरला. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली. कण तळाला, वर नितळ पाणी, नेहमीसारखंच. सवयीने जांभळ्या दिव्याखाली धरली आणि वरचं ते नितळ पाणी हिरवंगार पेटलं. मी ओरडले. सर धावत आले. त्यांनी नळी हातात घेतली आणि पुन्हा दिव्याखाली धरून बघितली. सन्मतीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "शुभे, तुझं पाणी बोलाया लागलं की गं!" त्याच्या तोंडावर आनंद होता, खरा. हे लक्षात ठेवा. मी विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

कणांचा उजेड मोजला की आलेखावर टोक अणकुचीदार येतं. आमचं आलं पसरट. सर म्हणाले, पसरट आहे खरं, पण साबणात होत असेल. आम्ही दोघांनी मान डोलावली. नुसतं साबणाचं पाणी, कणांशिवाय, मोजून बघायचं असतं — पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ते. ते मी केलं नाही. केलं तर उजेड जाईल असं कुठेतरी वाटलं होतं का? असेल. त्या वेळी माहीत नव्हतं, हे मात्र खरं.

पेपर गेला, स्वीकारला गेला. सरांनी आबांना फोन केला. आणि पुढच्या रविवारी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. कडेगावची सुकन्या, थोर शास्त्रज्ञ. खाली माझा फोटो, आणि वर ज्यांना मी कधी भेटले नव्हते अशा नेत्यांचे माझ्यापेक्षा मोठे फोटो. सत्कार झाला, मला फेटा बांधला. आबा लग्नाचा विषय घेऊन माझ्या मागे लागले होते. तो विषय त्यांनी बंद केला. मला म्हणाले, "शिक तुला काय शिकायचं ते. नाक राखलंस पोरी." फौजेतल्या माणसाचे डोळे भरलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

आता तुम्हाला वाटेल, अच्छा, म्हणजे वडिलांसाठी केलं. नाही. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आणि आज ते परत घेते आहे. आबांना खरं सांगितलं असतं तर ते चिडले असते, फ्लेक्स स्वतः उतरवला असता आणि मला परत साताऱ्याच्या गाडीत बसवलं असतं. मला ते पक्कं माहीत होतं.

सांगायचं राहून जातंय तेच. पुढे येते.

सरांनी सन्मतीला सांगितलं, तुझं वासाचं काम ठेव बाजूला, शुभांगीची पद्धत एकदा तुझ्या हाताने करून दाखव. दुसऱ्याच्या हातून तेच आलं की मग कोणी शंका घेत नाही. त्याने केलं. पाणी काळोखं. परत केलं. काळोखं. तो स्वतःचा साबण स्वतः करायचा, स्वच्छ हातांनी. मला काही कळत नव्हतं तोपर्यंत मीही त्याच्याबरोबर डोकं खाजवलं, ते खरं खाजवणं होतं.

मग एका दुपारी, प्रयोगशाळेत मी एकटीच असताना, पाणी जरा अल्कधर्मी केलं तर कण एकमेकांपासून लांब राहतील म्हणून मी माझ्या नळीत कॉस्टिक सोड्याचे थेंब सोडले. पाणी लाल झालं. तांबूस-लाल. हा लाल रंग आमच्याकडच्या कुठल्याही बाईला दाखवा. लग्नघरातून आलेली साडी धुवायला घेतली, हळदीच्या डागाला धुण्याचा साबण लावला, की त्यातल्या खाराने हाच लाल होतो; माझ्या बाटलीतल्या साबणात खार नव्हता. मी नळी स्टँडला लावली. दुसऱ्या नळीत बाटलीतलं नुसतं द्रावण घेतलं, कण नाहीत, काही नाही, आणि दिव्याखाली धरलं.

हिरवं. तेच हिरवं.

हळद साबणाच्या पाण्यात उजळते. माझे कण पहिल्या दिवसापासून तळाला मरून पडले होते आणि मी हळदीवर फेटा बांधून घेतला होता.

हे वाचून कोणी शहाणा म्हणेल, प्रयोगशाळेत पूजा करता, मग असंच व्हायचं. त्याला सांगते, गप्प बस. दोष पूजेचा नाही, हळदीचा नाही. हात न धुणं हा निष्काळजीपणा होता, नुसतं पाणी न मोजणं हा आळस होता, आणि दोन्ही त्या दुपारपर्यंत माफ होण्यासारखे होते. सर आधी संतापले असते, मग हसले असते. मी आजही खंडेनवमीला माझ्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू लावते. नंतर हात धुते, इतकंच.

त्या दुपारनंतर जे केलं ते माझं आहे.

सन्मती संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "शुभे, तुझ्या बाटलीतला साबण वाईच दे की. माझ्याच पुडीत कायतरी खोट आसंल, बघतो." बाटली माझ्या मागे कपाटात होती, निम्मी भरलेली. हळदीच्या अडतीवर वाढलेला पोरगा तो. त्याने ती उजेडात नुसती धरली असती, झाकण काढून नाकाशी नेली असती, तर पुढचं सगळं त्यानेच सांगितलं असतं. मी म्हणाले, संपला रे. तो "बरं" म्हणाला आणि चहाला गेला. तो गेल्यावर मी बाटली बेसिनमध्ये ओतली, पाणी सोडलं, आणि बाटली घासून उपडी घातली.

हे तरी भित्रेपणा म्हणून खपवता येईल. माणूस घाबरतो, लपवतो. पण त्यानंतर?

त्यानंतर सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सन्मतीच्या काळोख्या नळ्या होत्या. सरांनी मला विचारलं, शुभांगी, तूच सांग, पद्धतीत काही राहिलंय का? एक वाक्य पुरलं असतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं, खरंच. सर म्हणाले असते, बघू पुढे. कोणी माझा गळा धरला नव्हता. मी सन्मतीकडे बघितलं, आणि सरांना म्हणाले — "पद्धत बरोबर आहे सर. त्याच्या हातालाच गुण नाही."

झालं सांगून. इतकी वर्षं जे गिळून बसले ते हे सात-आठ शब्द आहेत, हळद नव्हे.

सर 'हं' म्हणाले. सन्मतीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. खोटं नाही सांगत, पाहिलं त्याने. मग नळ्या गोळा केल्या आणि गेला. सरांनी त्याला पुढे दुसरा विषय दिला, त्यात त्याचं मन लागेना, आणि एके दिवशी तो गाशा गुंडाळून सांगलीला वडिलांच्या गादीवर बसायला निघून गेला. जाताना मला त्याचं वासाचं रसायन देऊन गेला. म्हणाला, वापर, वाया कशाला घालवायचं.

मी वापरलं. हे पण ऐकून घ्या. साबणाची पद्धत मी हळूच बाजूला सारली आणि त्याचीच पद्धत धरली. तो जिथवर आला होता तिथून पुढे नेली, आणि माझे कण खरोखर पाण्यात आले, खरोखर उजळले, महिनोन् महिने विझले नाहीत. टोक अणकुचीदार. या वेळी नुसतं पाणीही मोजलं होतं. ते काम खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. पण त्याची सुरुवात कोणाच्या हातांनी केली होती ते प्रबंधात कुठेही नाही. आणि तो हळदीचा पेपर अजून तसाच आहे. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी मुलीने तो वाचून करून बघितला असेल, पाणी काळोखं आलं असेल, आणि तिने स्वतःलाच दोष दिला असेल. तो मी मागे घेणार आहे. सरांना राग येईल. येऊ दे. पदवीचं काय करायचं ते विद्यापीठाने ठरवावं, मी हात जोडायला जाणार नाही.

आता मी साताऱ्यालाच शिकवते. गेल्या उन्हाळ्यात प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला सांगलीला गेले होते. सन्मतीच्या दुकानात गेले. का गेले? सांगून टाकू असं एसटीत ठरवलं होतं. गल्लीभर हळदीचा वास, पोत्यांच्या थप्प्या, तो गादीवर, केस पिकलेले. उठून उभा राहिला. मला 'मॅडम' म्हणाला. मी म्हटलं, शुभा म्हण की. तो नुसताच हसला. चहा आला, त्याची मुलगी घेऊन आली, दहावी झालेली, अनुजा नाव. तिला सायन्सला जायचं होतं. तिच्यासमोरच तो म्हणाला, "मी कॉमर्सला घालतोय. आमच्या रगतात न्हाई ते. माझ्या हाताला गुण न्हवता, हिच्या कुठनं येणार? तुमी सांगा मॅडम, बरोबर हाय का न्हाई?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. कपबशी हातात धरून. माझ्या तोंडात सगळं तयार होतं.

मी म्हणाले, कॉमर्सही चांगलं असतं.

सांगा, याला काय नाव द्याल? तरुण होते असं म्हणता येत नाही. चष्मा लागला आहे मला. अब्रू गेली असती असंही नाही. तिथे हळदीच्या पोत्यांशिवाय कोण होतं ऐकायला? तरी बोलले नाही. एसटीत बसून साताऱ्याला परत आले आणि दुसऱ्या दिवशी मुलांना प्रामाणिकपणे निरीक्षण कसं करावं ते शिकवलं.

इथवर लिहून मी कागद बाजूला ठेवले होते. मग मलाच लाज वाटली. तुम्हाला आधी आणि त्याला नंतर? तुम्ही कोण माझे? आज सकाळी मी त्याला फोन केला. सुरुवातीपासून सांगितलं, हळद, बाटली, केबिन, सगळं. सगळं ऐकून त्याने विचारलं, "गेल्या साली दुकानात आलाव्ता, तवा ठावं व्हतं तुमाला?"

हो, म्हटलं.

"पोरगी हितंच हाय," तो म्हणाला. "तिला सांगा. मी सांगणार न्हाई." आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.

मी परत पहिल्यापासून सांगितलं. तिला, सोपं करून. तुझ्या बाबांचं पाणी काळोखं आलं कारण त्यांचा साबण स्वच्छ होता. माझं उजळलं कारण माझा घाणेरडा होता. हे मला माहीत होतं, आणि मी त्यांच्या हातांना नाव ठेवलं. ती कॉमर्सच्या पहिल्या वर्षात आहे, अकरावीला. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला एकच विचारायचं होतं.

"मग तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?"

मी म्हणाले, मला पहिलं यायचं होतं म्हणून.

ती "बरं" म्हणाली. तिने फोन ठेवला.